शेवटच्या आजारपणातली फिजिओथेरपी : घरच्यांनी काय करावं, कसं करावं आणि कधी थांबावं

“आता व्यायाम करून काय होणार?” बहुतेक घरांत हा प्रश्न मला दारातच ऐकायला मिळतो. रुग्ण आतल्या खोलीत असतो. आजार बरा होण्यापलीकडे गेलेला असतो. डॉक्टरांनी फिजिओथेरपिस्टला बोलवायला सांगितलेलं असतं आणि घरच्यांच्या डोळ्यांपुढे ‘अजून पाच, अजून चार’ असं ओरडून करून घेतलेली कसरत येते. त्यांची शंका रास्त आहे. या टप्प्यात मी कुणाला पूर्वीसारखं करायला जात नाही. धाप थोडी आटोक्यात यावी, कूस बदलताना कळ जाऊ नये, संडासला शक्य तितके दिवस स्वतःच्या पायांनी जाता यावं, एवढ्यासाठी मी जाते.

सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या आणि नंतर डॉक्टर. मरणासन्न माणसाचं दुखणं शरीरापुरतं नसतं, त्यात भीती, नाती, परावलंबनाची लाज हे सगळं मिसळलेलं असतं, असं त्या सांगत. परावलंबनाची लाज हा शब्द मी मुद्दाम वापरला, कारण फिजिओथेरपीचं खरं काम तिथेच आहे. दुसऱ्याने उचलून कमोडवर बसवणं आणि दुसऱ्याच्या आधाराने आपण उठून बसणं, यातलं अंतर बाहेरून दिसत नाही. रुग्णाला ते फार मोठं वाटतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या काळजीची, गरज भासते आणि ती मिळते फक्त सुमारे १४ टक्क्यांना. उरलेल्यांचं सगळं घरचेच करतात, बहुतेक वेळा कुणी शिकवल्याशिवाय. हा लेख त्यांच्यासाठी आहे. तुमचे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट रुग्णाला प्रत्यक्ष पाहून जे सांगतील ते यापेक्षा वरचढ माना.

पायरी १ : आधी विचारा

पहिला प्रश्न असा विचारा : “आज कोणती एक गोष्ट जमली तर बरं वाटेल?” उत्तर ऐकल्याशिवाय हात लावू नका.

मी हे चुकून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या एका आजोबांसाठी मी रोज सकाळी दहा पावलं चालण्याचा कार्यक्रम आखला होता. ते निमूट चालायचे आणि मी वहीत टिक करायचे. पाचव्या दिवशी त्यांच्या पत्नी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “संध्याकाळी नातू येतो तेव्हा हे झोपलेले असतात हो. सकाळी तुमच्यासाठी चालतात ना.” दिवसभराची पुंजी मीच सकाळी खर्चून टाकत होते. त्या दिवसापासून सकाळचं चालणं बंद केलं. दुपारी विश्रांती, साडेचारला दुखण्याचं औषध, सव्वापाचला पाठीशी उशा लावून खुर्चीत बसवणं, आणि नातवाबरोबर अर्धा तास. शेवटचे तीन आठवडे त्यांची फिजिओथेरपी एवढीच होती आणि माझ्या मते ती अगदी पुरेशी होती.

घरी हेच करायचं. दिवसातली कामं तीन भागांत वाटा : ज्यात रुग्णाचा जीव आहे ती, दुसऱ्याने केली तरी चालतील अशी, आणि सोडून दिली तरी बिघडणार नाही अशी. अंघोळ बसून करता येते. कपडे दुसरं कुणी घालू शकतं. वाचलेली ताकद पहिल्या भागासाठी ठेवा. थकवा दुसऱ्या दिवशीपर्यंत रेंगाळला तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजा आणि प्रमाण निम्म्यावर आणा.

पायरी २ : हात लावण्याआधी हे तपासा

पुढची लक्षणं दिसली तर हालचाल, मालीश सगळं थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

पाठीत नवं किंवा वाढतं दुखणं, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखी वेदना, पाय लटपटणं, पायांत बधिरपणा, लघवी अडकणं. कर्करोग मणक्यात पसरून मज्जारज्जूवर दाब येत असेल तर असं होतं. ही आणीबाणी आहे. पाय अजून चालते असताना उपचार सुरू झाले तर ते चालते राहण्याची शक्यता बरीच जास्त असते, म्हणून ‘सकाळी बघू’ म्हणू नका.

एकच पाय अचानक सुजणं, पोटरी गरम आणि दुखरी होणं. ही शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तो पाय चोळू नका.

चेहरा आणि मान सुजणं, आडवं झाल्यावर धाप वाढणं. अशा वेळी डोक्याकडची बाजू उंचच ठेवा.

हाडांत कर्करोग असेल तर हात किंवा पाय पिळल्यासारखा वळवू नका. अशी हाडं साध्या पिळानेही मोडू शकतात. कुठल्या हाडांत गाठी आहेत हे डॉक्टरांना नेमकं विचारून कागदावर लिहा आणि पलंगाजवळ लावा, म्हणजे रात्री मदतीला येणाऱ्यालाही ते कळेल.

पायरी ३ : औषधाची वेळ साधा

पुष्कळ घरांत रुग्णाला आधी उठवतात, तो कळवळतो, मग गोळी देतात. हा क्रम उलटा करा. तोंडाने घ्यायच्या साध्या, लवकर लागू पडणाऱ्या मॉर्फिनचा परिणाम साधारण अर्ध्या तासात जाणवू लागतो आणि तासाभरात पूर्ण होतो. अंघोळ, ड्रेसिंग बदलणं, खुर्चीत बसवणं ही कामं औषधानंतर पाऊण तास ते तासाभराने ठेवा. हालचालीपूर्वीचा असा जादा डोस चालेल का आणि किती, हे डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या.

पायरी ४ : धाप

या टप्प्यात सगळ्यात घाबरवणारी गोष्ट धाप, रुग्णालाही आणि बघणाऱ्यालाही. तिचं चक्र समजून घ्या. दम लागला की माणूस घाबरतो. घाबरला की मान-खांदे ताठ होतात आणि श्वास उथळ, भराभर होतो. छातीतली हवा नीट बाहेर पडत नाही, मग आत घ्यायला जागा राहत नाही, आणि दम वाढतो. पुन्हा धाप लागेल या धास्तीने तो हलणं सोडतो. न हलल्याने स्नायू आणखी दुबळे होतात, मग कुशीवर वळलं तरी दम लागतो. हे चक्र कुठेही तोडता येतं. घरी करता येतील अशा तीन जागा सांगते.

पहिली जागा शरीराची ठेवण. खुर्चीत किंवा पलंगाच्या कडेला बसवा, पाय जमिनीला टेकलेले. समोर टेबल, टेबलावर दोन उशा. रुग्णाने कमरेतून पुढे वाकून दोन्ही हात उशांवर सोडायचे, हवं तर डोकंही टेकवायचं. हातांचा भार उशांनी घेतला की खांदे सैल पडतात आणि श्वासाला मदत करणाऱ्या स्नायूंना काम करायला आधार मिळतो. बसवत नसेल तर कुशीवर झोपवून कंबरेपासून डोक्यापर्यंत उशांची चढण करा. मान एकटीच उंच आणि पाठ खाली असं झालं तर श्वास आणखी कोंडतो. ही चूक मला फार घरांत दिसते.

दुसरी जागा उच्छ्वास. “दीर्घ श्वास घ्या” असं धाप लागलेल्याला सांगू नका, तो आधीच हवा ओढून ओढून थकलेला असतो. “सोडा… सोडा… आणखी सोडा” असं म्हणा. ओठांचा चंबू करून, मेणबत्तीची ज्योत न विझता नुसती हलेल इतक्या हळू. खिडकीची चौकट दिसत असेल तर आणखी सोपं : छोट्या बाजूवर नजर फिरवताना श्वास आत, लांब बाजूवर बाहेर. तुम्ही स्वतः समोर बसून तसा श्वास घ्या. शब्दांपेक्षा तुमची लय तो लवकर उचलेल. उठताना, वळताना, पायरी चढताना, जोर लागतो त्या क्षणी श्वास सोडायचा.

तिसरी जागा पंखा. हातात मावेल असा छोटा, बॅटरीवर चालणारा पंखा चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर धरा. वारा नाक, वरचा ओठ आणि गाल यांवर येऊ द्या. तिथल्या त्वचेतून आणि नाकाच्या आतल्या अस्तरातून ट्रायजेमिनल नावाच्या मज्जातंतूवाटे गारव्याची जाणीव मेंदूला पोचते आणि श्वास कोंडल्याची भावना कमी होते. पाच-दहा मिनिटं द्या. पंखा शक्यतो रुग्णाच्याच हातात असावा. रात्री दोन वाजता घाबरून उठल्यावर उशाशी एक उपाय आपल्या ताब्यात आहे, याचा धीर मोठा असतो. माझ्या एका रुग्ण ताईंनी तो पंखा शेवटपर्यंत उशीखाली ठेवला होता. लावायच्या क्वचितच. पण आहे ना, हे हाताने चाचपून बघायच्या.

ऑक्सिजनबद्दलही सांगायला हवं. रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण पुरेसं असलेल्या रुग्णांना नळीतून ऑक्सिजन दिला आणि साधी हवा दिली, तरी आराम सारखाच वाटला, असं २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं. प्रमाण खरोखर कमी असेल तिथे गोष्ट वेगळी. डॉक्टरांनी लावलेला ऑक्सिजन आपल्या मनाने काढू नका, पण ‘सिलिंडर आणला नाही म्हणून त्यांना त्रास झाला’ ही टोचणीही मनाला लावून घेऊ नका.

पायरी ५ : कूस बदलणं

नीट शिकण्यासारखं एकच काम निवडायचं असेल तर हे निवडा. दिवसात दहा वेळा करावं लागतं, आणि चुकीचं केलं तर दहा वेळा दुखतं.

समजा, रुग्ण पाठीवर आहे आणि त्याला त्याच्या डाव्या कुशीवर घ्यायचं आहे. तुम्ही त्याच्या डाव्या बाजूला उभे राहा. पलंग उंच होत असेल तर तुमच्या कमरेइतका करा. होत नसेल तर एक गुडघा गादीवर टेका, म्हणजे तुमच्या कंबरेवर ताण येणार नाही. आधी सांगा : “आता तुम्हाला माझ्याकडे वळवतेय.” रुग्ण गुंगीत असला तरी सांगा. मग त्याचा डावा हात अंगापासून थोडा लांब ठेवा, नाहीतर तो खाली चिरडतो. उजवा हात छातीवर घ्या. उजवा गुडघा वाकवून तळपाय गादीवर टेकवा. मान तुमच्याकडे वळवा. आता तुमचा एक तळवा त्याच्या उजव्या खांद्याच्या मागे, पाठीच्या फऱ्यावर, दुसरा उजव्या नितंबावर. बोटं रुतवू नका, पूर्ण तळवा टेकवा. तो श्वास सोडत असताना, खांदा आणि कंबर एकदम, तुमचं वजन मागच्या पायावर नेत त्याला आपल्याकडे घ्या. ओढायचं हातांनी नाही, मागे जाणाऱ्या तुमच्या वजनाने.

वळवून झालं की काम अर्धंच झालं. पूर्ण ९० अंशांत कुशीवर ठेवलं तर सगळा भार कंबरेच्या बाजूच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी सारून त्याला साधारण ३० अंशांच्या कलावर टेकू द्या. मग तळहात माकडहाडाखाली सरकवून बघा, ते गादीवरून सुटलेलं हवं. खालचा खांदा किंचित पुढे ओढा. दोन्ही पायांच्या मध्ये गुडघ्यापासून घोट्यापर्यंत पुरेल अशी उशी द्या. पाठीवर असताना पोटऱ्यांखाली उशी ठेवा, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. शेवटी चादरीच्या चुण्या आणि खाली अडकलेली नळी बघा.

साधारण दोन तासांनी कूस बदलावी असं सांगतात. चांगली हवेची गादी असेल आणि रुग्ण शांत झोपला असेल तर अंतर वाढवता येतं. लाल दिसणाऱ्या जागी बोट दाबून सोडा. ती पांढरी पडली नाही तर ती बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे. सावळ्या त्वचेवर हा रंगबदल नीट दिसत नाही, तिथे जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते का ते बघा. अशी जागा चोळू नका, आणि मधे भोक असलेली गोल उशी वापरू नका, तिच्या कडांनी रक्तपुरवठा आणखी अडतो.

पलंगावर खाली घसरलेल्या रुग्णाला काखेत हात घालून ओढण्याची सवय तर सगळ्यांनाच असते. त्याने खांदा दुखावतो आणि पाठीची कातडी घासली जाते. छातीपासून मांड्यांपर्यंत पोचेल अशी दुमडलेली चादर कायम खाली असू द्या. दोन्ही बाजूंनी दोघांनी ती अंगाजवळ गुंडाळून धरायची आणि एकाच वेळी वर सरकवायचं. मणक्यात गाठी असतील तर वळवताना दोघं-तिघं हवेत, आणि डोकं, खांदे, कंबर, पाय एका ओंडक्यासारखे एकत्र वळले पाहिजेत.

पायरी ६ : उठणं आणि चालणं

डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइड बरेच दिवस चालू असली की मांड्यांचे स्नायू झपाट्याने उतरतात. माणूस सपाट जागी चालतो, पण खुर्चीतून उठता येत नाही, आणि घरच्यांना तो हट्ट वाटतो. बैठक उंच करा. खुर्चीवर घट्ट उशी आणि कमोडला उंच सीट एवढ्याने कित्येक जण पुन्हा स्वतः उठतात. उठताना पुढच्या कडेवर सरकायचं, पाय गुडघ्यांच्या थोडे मागे घ्यायचे, नाक पायाच्या बोटांच्या पुढे जाईल इतकं वाकायचं आणि मग श्वास सोडत उठायचं. हात धरून वर ओढू नका. बाजूला उभं राहून एक हात कमरेमागे द्या.

जे अजून हिंडतेफिरते आहेत त्यांनी दिवसातून दोनदा, चार-पाच वेळा असं उठणं-बसणं करावं. बोलताना वाक्य पूर्ण करता येईल इतकाच दम लागू द्यावा. वाटेत दर काही पावलांवर खुर्ची ठेवा. व्हीलचेअर आणायची वेळ आली की घरात सुतकी शांतता पसरते. पण खुर्चीत बसून बाहेरचं ऊन अंगावर घेता येत असेल तर ती आणाच, आणि लवकर आणा.

पायरी ७ : सांधे, सूज, पोट

हलता न येणाऱ्या रुग्णाचे सांधे दिवसातून एक-दोनदा हलवा. सांध्याच्या वर एक हात, खाली एक हात, प्रत्येक हालचाल चार-पाच वेळा, सावकाश. नजर हाताकडे नको, चेहऱ्याकडे ठेवा. कपाळावर आठी आली की तीच मर्यादा. हात कानापर्यंत वर नेण्याची गरज नाही, काख पुसता येईल आणि बाही घालता येईल इतका खांदा सुटा राहिला तर पुष्कळ.

पाय किंवा हात लसीका (शरीरातला पाण्यासारखा द्रव) साचून सुजले असतील तर अवयव उशीवर आधाराने ठेवा, त्वचेला सौम्य मलम लावा, बोटं आणि घोटे हलवा. पट्टी फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच बांधा. या टप्प्यात घट्ट पट्टी नको, आणि धाप वाढली तर ती सोडा. मॉर्फिनने पोट साफ होत नाही, त्यासाठी औषध लागतंच. त्याला जोड म्हणून कमोडवर बसताना पायाखाली स्टूल द्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. गरम पाण्याची पिशवी बधिर जागी किंवा रेडिएशन दिलेल्या त्वचेवर ठेवू नका, भाजलेलं कळत नाही.

एका निवृत्त गृहस्थांना नातीसाठी पत्र लिहायचं होतं. बोटांत पेन ठरत नव्हतं. पेनाला स्पंजची जाड गुंडाळी केली, कोपराखाली उशी दिली, मांडीवर तिरकी फळी ठेवली. औषधानंतर तासाभराने पंधरा मिनिटं, रोज दोन-तीन ओळी. तो पूर्ण आठवडा मी त्यांच्या पायांचा एकही व्यायाम घेतला नाही.

पायरी ८ : शेवटचे दिवस

रुग्ण दिवसभर झोपेत, घोट गिळता येत नाही, हातपाय गार, श्वास मधेच थांबून पुन्हा सुरू होतो. डॉक्टरांनी ही शेवटची वेळ आहे असं सांगितलं की माझी यादी छोटी होते. सांधे हलवणं बंद. बसवणं बंद. कूस बदलायची ती आरामासाठी, घड्याळासाठी नव्हे. चेहरा शांत असेल तर नुसती उशी थोडी सरकवली, टाच उचलून पुन्हा ठेवली तरी चालतं.

घशात घरघर सुरू झाली की घरचे हमखास छाती थोपटायला किंवा नळीने कफ ओढायला सांगतात. दोन्ही करू नका. गिळता न आल्याने घशात साचलेल्या स्रावाचा तो आवाज असतो, आणि इतकी गुंगी असताना रुग्णाला सहसा त्याचा त्रास जाणवत नाही. त्याला कुशीवर घ्या, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा, तोंड किंचित खाली झुकू द्या, गालात साचलेलं ओल्या मऊ कापडाने टिपा. आवाज कमी करणारी औषधं असतात, ती डॉक्टर देतील.

एक गोष्ट मी न विचारताही शिकवते. पती किंवा पत्नी बरेचदा पलंगाशेजारी स्टूलवर अवघडून बसलेली असते, नळ्यांना धक्का लागेल म्हणून अंतर राखून. दोघांनी खालच्या चादरीने रुग्णाला पलंगाच्या एका कडेला सरकवा. त्या बाजूचा कठडा वर करा आणि तिथे उशी लावा. दुसरा कठडा खाली घ्या. रुग्णाला मोकळ्या बाजूकडे तोंड करून ३० अंशांच्या कलावर ठेवा, पाठीशी उशी द्या. लघवीची नळी आणि पिशवी कठड्याच्या बाजूला न्या. वरचा हात छोट्या उशीवर मोकळा ठेवा. मग शेजारी झालेल्या जागेत त्यांना आडवं होऊ द्या, आणि तो हात त्यांच्या हातात द्या.